माया किती सोडायची?

गेल्या अंकात जुन्या कपड्यांवर मी चार ओळी काय लिहिल्या, पोस्टमनने ओट्यावर ढीगच आणून टाकला. निम्मी पत्रं शिवणाऱ्यांची, निम्मी लिहिणाऱ्यांची. कुणी 'शिवणाच्या बाई' म्हणून पत्ता घातलाय, कुणी 'इतिहासाच्या बाई' म्हणून. मालवणात मी दोन्ही होते. सकाळी शाळेत इतिहास आणि संध्याकाळी पडवीत मशीन, त्यामुळे तक्रार नाही. सगळ्यांना उत्तरं देणं जमायचं नाही, चार घेतली आहेत.

प्रश्न : बाई, भाचीच्या बारशाला खणाची कुंची शिवायची आहे. घरात पणजीच्या हातची एक कुंची सापडली, पण कापड अगदी विरलंय. तिचा नमुना घेण्यासाठी ती उसवू का? (चिपळूण)

उसवू नकोस गं! आधी उलटी कर. नुसती आतली बाजू बाहेर काढ आणि दुपारच्या उजेडात खिडकीशी बस.

माझ्या सासूबाईंची एक कुंची माझ्याकडे आहे. बाहेरून फिकट विटकरी, कुठेकुठे पांढुरकी. मला वर्षानुवर्षं वाटायचं, मूळ रंगच तो. एकदा आतून बघितली तर शिवणीच्या मायेत, म्हणजे आत सोडलेल्या जादा पट्टीत, दडलेलं कापड चक्क डाळिंबी! तिथे ऊन पोचलंच नव्हतं. अस्तर होतं जुन्या लुगड्याचं, इतक्या वेळा धुतलेलं की गालाला लावलं तर कळूही नये. म्हणजे कुंची नवी आणि अस्तर जुनं, हे गरिबीतून नव्हे, बाळाचं डोकं ओळखून केलेलं. खालच्या काठाशी दोन बोटं कापड दुमडून धावदोरा घातलेला होता आणि त्याच्या वर सुईच्या भोकांची आणखी एक जुनी रांग. मूल वाढलं तशी ती कुंची एकदा सोडली होती, पुढच्या बाळासाठी परत दुमडली होती. घरात कुणालाही ही हकिगत माहीत नव्हती, ती त्या भोकांनीच सांगितली.

तेव्हा तुझ्या पणजीच्या कुंचीत आधी माया किती सोडलीय ते मोज. मग मांजरपाटाचा तुकडा वर अंथर, शिवणीच्या रेषेवर बारीक टाचण्या उभ्या टोच आणि भोकांवरून पेन्सिल फिरव. नमुना निघतो, कुंचीला धक्का लागत नाही. कापड टाचणीही सोसत नसेल तर फूटपट्टीने माप घेऊन कागदावर उतरव.

खण विकत घेशील तो मागावरच्या अरुंद पन्ह्याचाच घे. हल्ली मोठ्या पन्ह्याचा 'खणासारखा' कपडा मिळतो, त्यातून कापायला बसलीस तर काठ जुळता जुळणार नाहीत. जुन्या बायका कापडाची रुंदी बघून कुंची आखायच्या. कात्री कमी चालवायची आणि काठ आपोआप कडेला यायचा, हा त्यांचा हिशोब. दोरा सुती वापर. दुकानदार सांगेल ते ऐकू नकोस, टोक पेटवून बघ. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख पडते, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. आणि जुनी कुंची प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस. आपल्याकडच्या पावसाळ्यात आतल्या आत बुरशी धरेल.

प्रश्न : मी कादंबरी लिहितोय. नायिका नवी नवरी आहे. १७ जुलै १९४७ रोजी ती 'रामदास' बोटीने मुंबईहून मालवणला सासरी निघते, बोट बुडते, पण ती जिवंत राहते. पहिलं प्रकरण सोबत जोडलंय. ऐतिहासिक तपशील बरोबर आहेत ना? (ठाणे, मूळ गाव मालवण तालुका)

प्रकरण दोनदा वाचलं. सासूची खोचक वाक्यं फक्कड जमलीत. पण नवरीला तुम्ही चुकीच्या बोटीत बसवलंय.

त्या दिवशी 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून निघाली ती रेवसला. वादळी समुद्रात वाटेतच ती कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आपल्या बाजूच्या बोटी वेगळ्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत मालवण-वेंगुर्ल्याकडे उतरायच्या आणि पावसाळ्यात बंद असायच्या. जुलैत मालवणला बोट! माझ्या आजीने हे वाचलं असतं तर तिथेच वही मिटून चष्मा काढला असता.

तुमच्यापुढे वाटा आहेत. तारीख ठेवायची तर नवरीला सासर अलिबागकडचं द्या. मालवण ठेवायचं तर दसऱ्यानंतर तिला बोटीत बसवा. दोन्ही सोडवत नसेल तर आगगाडीने कोल्हापूर आणि तिथून घाट उतरून खासगी मोटारीने आणा. मोटारीचं मात्र जपून लिहा. एस.टी.ची पहिली गाडीच १ जून १९४८ ला धावली, तेव्हा 'लाल डबा' नको. मला विचाराल तर दसऱ्याची बोट घ्या. रेवस-अलिबाग पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली माणसं त्या बोटीबरोबर गेली. नवरा-बायकोची ताटातूट करायला एवढी माणसं बुडवू नका, तुमची सासू त्या कामाला पुरेशी आहे.

आता बारीकसारीक. हमालाला 'पन्नास पैसे' दिलेत, ते आठ आणे करा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. शंभर नव्या पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासूनचा. तांदूळ 'किलो'ने मोजलेत, ते पायलीने मोजा. लुगडं मीटरात नको, वारात.

रुखवतात अकरा कोरी लुगडी मांडलीत, तिथे मी थबकले. युद्धापासून कापडावर नियंत्रण आलेलं, कोरं कापड सहज मिळत नव्हतं. मग ही अकरा आली कुठून? याचं उत्तर शोधा, कारण तिथे तुमचं अख्खं प्रकरण आहे. काळ्या बाजारातून आणली असतील तर पैसे कुणी दिले? मामा गिरणीत असेल तर तो कटपीस घेऊन येईल, पण कटपीसातून चोळ्या निघतात, लुगडी नाहीत. मग मांडलेल्यांपैकी कोरी किती आणि शेजारणीकडून उसनी आणलेली किती? तुमच्या त्या सासूने हे पहिल्या नजरेत ओळखायला हवं.

आणखी एक वाट तुमच्या हातात देते. मुंबईचं घड्याळ तेव्हा वेगळं होतं. देशाची प्रमाणवेळ आणि 'मुंबई टाइम' यांत एकोणचाळीस मिनिटांचा फरक होता, मुंबई मागे. शहरात १९५५ पर्यंत ही जुनी वेळ रेंगाळत होती. धक्क्यावर कुणी कुठल्या घड्याळाने यायचं, या घोळात एखाद्या दिराची बोट आरामात चुकू शकते.

सगळ्यात जास्त खटकला तो एक शब्द. नवरी मालवणला बोटीतून 'अलगद' उतरली म्हणे. अलगद! मोठी बोट खोल पाण्यात उभी राहायची. तिथून हेलकावणाऱ्या पडावात उतरायचं, पडाव किनाऱ्याशी आला की पाण्यात उतरायचं, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावर बसायचं. हे सगळं नऊवारीत.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच एका कथेसाठी मी सुती नऊवारी नेसून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसले होते. आजूबाजूचे पर्यटक फोटो काढत होते, त्यांना वाटलं कसलं तरी शूटिंग चाललंय. परत येताना मुद्दाम धक्का सोडून वाळूकडे उतरले. होडीवाला म्हणाला, "बाईनू, आधी लुगडा सावरा, मगे हात देवा." गुडघ्यापर्यंत पाणी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड आणि खालचा भाग भिजला की ते सगळंच खाली ओढू लागतं. पण काष्टा असल्यामुळे पाय मोकळे राहिले. सहावारी असती तर पोटऱ्यांना गुंडाळून मी तोंडावर आपटले असते. वर आल्यावर काष्ट्याच्या घडीत मूठभर रेती निघाली. दुसऱ्या दिवशी लुगडं वाळलं तेव्हा घोट्याच्या वर मिठाची पांढरी वाकडीतिकडी रेघ उमटली होती आणि मांड्या चोळवटून लाल झाल्या होत्या.

ती मिठाची रेघ तुमच्या नवरीच्या लुगड्यावर हवी आहे मला. सासूची नजर आधी तिच्यावरच जाईल.

आता हे सगळं मी सांगितलं म्हणून सगळं लिहायला बसू नका. घड्याळं, आणे, नियंत्रण, पायली, सगळं एका पानात कोंबलंत तर कपडा उलटा घालून बाजारात गेल्यासारखं दिसेल. शिवणकामात आम्ही जे कापड आत ठेवतो त्याला माया म्हणतो. ती दिसत नाही, पण नसली तर पहिल्याच वाकण्यात शिवण फाटते. दहा गोष्टी माहीत करून घ्या, दोन पानावर आणा.

जास्त शोधायचं असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड बघा, १८८० सालचा आहे. बंदरं, मचवे, शेती, जातीजातींची घरं आणि कपडे, सगळं आहे. फक्त साहेबाच्या खुर्चीतून बघितलेलं आहे, हे विसरू नका. आणि जुन्या पात्राच्या तोंडी शब्द घालताना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. शब्द त्यात सापडला तर आजेसासूच्या तोंडी बिनधास्त घाला.

प्रश्न : आजीचं सिंगर मशीन माळ्यावर आहे. ते किती सालचं, हे कसं ओळखावं? तिच्यावर कथाही लिहितेय. त्यात ती १९२० मध्ये 'उषा'वर शिवते असं घेतलंय. (देवगड)

माळ्यावर सिंगर आणि कथेत उषा? असं का? उषा मशीन १९३०च्या दशकातलं, १९२० मध्ये ते कुणाच्याच घरी नव्हतं. सिंगरच राहू दे.

मशीनच्या बैठकीवर उजव्या हाताला नंबर कोरलेला असतो. आधी इंग्रजी अक्षर असेल तर मशीन १९०० नंतरचं. ते अक्षर 'वाय' असेल तर स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकच्या कारखान्यातलं. नंबरांच्या याद्या इंटरनेटवर आहेत, साल निघेल. पण ते साल कारखान्याचं, देवगडात मशीन कधी उतरलं हे त्यावरून कळणार नाही. सिंगर हप्त्यावर मिळायचं, तेव्हा ट्रंकेत हप्त्यांच्या पावत्या शोध. पुसताना स्पिरिट लावू नकोस, सोनेरी नक्षी निघून येईल. मशीनचं तेल आणि मऊ फडकं पुरे.

आणि आधी बॉबिन काढ! रिकामी करू नकोस. आजी दोऱ्यावरच दोरा भरणारी असेल तर वर पांढरा, खाली खाकी, त्याच्याखाली हिरवा असे थर निघतील. सावकाश उलगड आणि क्रमाने लिहून ठेव. खाकी कुणाची होती, हे घरात विचार. तुझी कथा तिथून सुरू होईल, १९२० पासून नव्हे.

प्रश्न : चौलच्या जुन्या बंदरावर शाळेत नाटक बसवतोय, पंधराव्या शतकातलं. पोशाख काय शिवावेत? (रेवदंडा)

फार काही शिवूच नका. त्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला होता, तुमच्या रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे. इथली माणसं उघड्या डोक्याने आणि उघड्या छातीने फिरतात, असं त्याने लिहून ठेवलंय. मी गोरा म्हणून लोक मला बघायला मागे मागे येतात, हेही त्यानेच लिहिलंय, म्हणजे टकमक बघणं दोन्हीकडून चाललं होतं! बर्फातून आलेल्या माणसाला आपली उघडी छाती जास्तच दिसली असणार, एवढं लक्षात ठेवा. मुलांना धोतर, उपरणं असं बिनशिवलेलं कापड द्या. खर्चही वाचेल. शिवायचंच असेल तर निकितीनचा अंगरखा शिवा, चांगला जाड, आणि त्या मुलाला घामाघूम होऊ द्या.

जाता जाता, कुडाळच्या एका वाचकाने विचारलंय की तपशील चुकला तर लोक हसतील, म्हणून लिहावं की नाही. लिहा हो! कान्होजी आंग्र्यांच्या काळातल्या एका कथेत माझ्या नायिकेने कंदिलाची काच राखेने पुसली होती. छापूनही आलं. आठ दिवसांत अलिबागहून पोस्टकार्ड हजर : 'कान्होजी १७२९ मध्ये वारले. रॉकेल त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आलं. बाईंनी काच कशाची पुसली?' कार्ड अजून मशीनच्या खणात आहे, बॉबिनच्या डबीखाली. कंदील काढून उंडीच्या तेलाचा दिवा घालायचा हे ठरलंय, पण तो धूर किती करतो आणि वास कसा येतो, हे पेटवून बघितल्याशिवाय लिहवत नाही. कुणाच्या परड्यात उंडीचं झाड असेल तर कळवा. बिया न्यायला मी स्वतः येईन.