घरात बोलायला कुणी नव्हतं म्हणून ऑटिझम झाला का?

ऑटिझमचं, म्हणजे माणसांशी संवाद साधणं लहानपणापासूनच वेगळं आणि अवघड असण्याचं, निदान झालेल्या मुलाचे आईबाबा माझ्याकडे पहिल्या भेटीत थेरपीबद्दल फारसं विचारत नाहीत. हे कशामुळे झालं, तेवढंच त्यांना हवं असतं. त्याचं उत्तरही बहुतेक वेळा घरातल्या कुणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं. गोव्यातल्या डिचोलीहून आलेल्या स्मिताच्या घरात (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) ते उत्तर असं होतं: नवरा बोटीवर, ही फार्मा कंपनीत शिफ्टला, पोर आजीजवळ आणि मोबाईलजवळ. जन्म लॉकडाऊनमधला, त्यामुळे पहिलं वर्ष माणसं अशी दिसलीच नाहीत. त्यात घरी कोंकणी, आजीच्या गोष्टी मराठीत आणि कार्टून इंग्रजीत. म्हणून बाबू तीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही.

"मॅडम, मी नोकरी सोडते. मग होईल ना तो नीट?" स्मिताने विचारलं. सासूबाई शेजारीच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांची मान होकारार्थी हलली.

भाषांचा मुद्दा आधी संपवते. घरात दोन-तीन भाषा असल्याने ऑटिझम होत नाही. गोव्यातली बहुतेक मुलं अशीच वाढतात. बाबूशी फक्त इंग्रजीत बोला, असा सल्ला स्मिताला एका शाळेतून मिळाला होता. तो मी तिला मोडायला सांगितला. आजीला इंग्रजी येत नाही. तो सल्ला पाळला असता तर घरातलं सगळ्यात जास्त वेळ देणारं माणूसच गप्प झालं असतं.

आता आईचा दोष. हा ठपका फक्त आपल्याकडचा नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांची लक्षणं नोंदवली आणि ऑटिझमला वैद्यकात ओळख मिळाली. पुढची दोनेक दशकं, आई मायेला कोरडी असली की मूल असं होतं, हे नामांकित डॉक्टर सांगत राहिले. किती बायकांनी ते ऐकून घेतलं असेल! १९६९ मध्ये पालकांच्या सभेत खुद्द कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. मग १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर या संशोधकांचा जुळ्यांवरचा अभ्यास आला. जोड्या २१ होत्या आणि प्रत्येक जोडीत निदान एकाला ऑटिझम होता. हुबेहूब, म्हणजे जनुकं जवळजवळ तीच असलेल्या, जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत तो दोघांनाही होता. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसं नव्हतं. आकडा लहान, पण दिशा स्पष्ट होती: जनुकांकडे. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. माणसामाणसांत ऑटिझमचा धोका कमीजास्त असतो, त्यातला सुमारे ८० टक्के फरक जनुकांमुळे असतो, असं त्यातून निघालं. हे प्रमाण समाजाचं आहे. एका बाबूतला ८० टक्के भाग जनुकांचा आणि २० टक्के स्मिताचा, असा हिशेब त्यातून मांडता येत नाही.

आकड्यांनी स्मिताचं समाधान होणार नव्हतं, म्हणून मी फोनमधले जुने व्हिडिओ मागितले. त्यात एक चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा होता. बाबू सव्वा वर्षाचा. घुमट आरती चालली आहे, चुलत भावंडं टाळ्या वाजवताहेत, चारी बाजूंनी बाबूला हाका. त्याच्याहून लहान असलेली चुलत बहीण हाकेसरशी वळून हसते. बाबू मात्र माटोळीला (गणपतीवरच्या फळांच्या मांडवीला) टांगलेल्या एका हलणाऱ्या नारळाकडे बघतो आहे, शेवटपर्यंत.

"तेव्हा मोबाईल देत होता का त्याला?" मी विचारलं.

आजी पहिल्यांदा बोलल्या. "नाही हो. त्यानंतर दिला. हाक मारली तर बघायचा नाही, खेळायला बोलावलं तर यायचा नाही. गाणं लावलं की तेवढा बसायचा."

या एका वाक्यात पुष्कळ काही आहे. बाळ बघतं, हसतं, हात पुढे करतं, म्हणून मोठी माणसं बोलत राहतात. मुळातच या खुणा कमी देणारं बाळ असलं की माणसं नकळत थकतात, बोलणं कमी होतं आणि ती जागा पडदा घेतो. मग बाळाला माणसांचा सराव आणखी कमी मिळतो. म्हणजे भोवतालचं वातावरण काही अंशी मूलच घडवत असतं आणि ते वातावरण उलट मुलाला घडवतं. जास्त वेळ पडद्यासमोर असलेल्या लहान मुलांत ऑटिझमसारखी लक्षणं जास्त दिसतात, असं सांगणारे अभ्यास आहेत. पण आधी काय आलं, ते त्या संबंधावरून कळत नाही. बाबूच्या बाबतीत ते आजींनीच सांगितलं. मोबाईल मी तरीही बंदच करायला लावला, कारण तो जो वेळ खात होता तो आम्हाला हवा होता.

जनुकांचं ऐकल्यावर स्मिता हळूच म्हणाली, "यांचे मोठे भाऊ तसेच आहेत. कदंबच्या सगळ्या बसगाड्यांच्या वेळा तोंडपाठ, पण पाहुणे आले की आतल्या खोलीत." आजींचा चेहरा बदलला. "म्हणजे आमच्या घराण्याचं आहे, असं?"

दोष सुनेच्या पदरातून काढून सासरच्या पदरात टाकायचा असेल तर जनुकांचं हे ज्ञान न सांगितलेलं बरं. धोका किंचित वाढवणारी असंख्य जनुकीय रूपं आपल्या सगळ्यांत विखुरलेली असतात, आईकडच्यांत आणि बाबांकडच्यांतही. काही मुलांत तर आईबाबा दोघांतही नसलेला बदल नव्याने झालेला असतो. ते कुणी निवडलेलं नसतं. संशोधनात ज्याला पर्यावरण म्हणतात त्यातही मोठा वाटा जन्माआधीच्या गोष्टींचा आहे: खूप अपुऱ्या दिवसांचा जन्म, आईबाबांचं वाढलेलं वय, गरोदरपणात घेतलेलं व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं औषध. (फिट्सची औषधं कुणीही मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावं.) आईची नोकरी त्यात नाही. लसीही नाहीत.

मग लॉकडाऊन? रुमानियातल्या अनाथालयांत अत्यंत हलाखीत वाढून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा रटर यांनी अभ्यास केला. चार वर्षांच्या वयात त्यांतल्या सुमारे ६ टक्के मुलांत ऑटिझमसारखं वागणं दिसलं आणि पुढे काहींमध्ये ते बरंच ओसरलं. तिथे बाळांना कुणी जवळही घेत नव्हतं. आजीच्या मांडीवर वाढलेल्या बाबूचं वर्ष त्या पंगतीत बसवणं हा आजींवरही अन्याय आहे. हे मी दोघींसमोर सांगितलं. आजींनी डोळे पुसले.

जे बदलता येतं त्यावर नंतर काम सुरू झालं. गोव्यातल्या 'संगत' संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीसह 'पास' नावाची चाचणी केली होती. ६५ मुलं, आणि पालकांना शिकवणारे विशेषज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. पालक मुलाशी खेळतात, त्याचं चित्रण होतं आणि नंतर पालक आणि कार्यकर्ता मिळून ते बघतात. त्यातून पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. मोजलेलं सगळंच सुधारलं असं नाही. आम्हीही तीच वाट धरली. स्मिता खेळताना सारखी परीक्षा घ्यायची: काऊ कुठे, रंग कुठला, सांग, सांग ना. चित्रण बघून तिने प्रश्न थांबवले. बाबू पंख्याकडे बघत असेल तर ती फक्त "गरगर" म्हणायची आणि वाट बघायची. बाबांनीही बोटीवरून व्हिडिओ कॉलवर तेच सुरू केलं. काही महिन्यांनी बाबू पंख्याकडे बोट दाखवून आईकडे वळून बघू लागला. शब्द अजून मोजकेच आहेत. स्मिताने नोकरी सोडलेली नाही.

अलीकडे ती दुसऱ्या मुलाबद्दल विचारायला आली. मी आकडा लपवला नाही. आधीच्या भावंडाला ऑटिझम असेल तर पुढच्या मुलाला तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, मुलगा असेल तर आणखी थोडी जास्त. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीबद्दलही सांगितलं. संवादात मागे दिसणारी ९ ते १४ महिन्यांची १०३ बाळं, निम्म्यांच्या पालकांना बाळाच्या खुणा ओळखून प्रतिसाद द्यायला शिकवलं. तीन वर्षांच्या वयात त्या गटात सुमारे ७ टक्के मुलांना ऑटिझमचं निदान झालं, दुसऱ्या गटात सुमारे २१ टक्के. चाचणी छोटी आहे. जनुकं तीच राहतात आणि अशा मुलांना मदत पुढेही लागतेच.

निर्णय नवरा सुट्टीवर आल्यावर होईल. दुसरं बाळ झालंच तर नवव्या महिन्यापासून हाकेला वळतं का, नजर देतं का, बोट दाखवतं का, हे बघत राहायचं आणि शंका आली तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबायचं नाही, हे आजींनीच वहीत लिहून घेतलं आहे.