गोव्यात कॉलेजला असणं: माशेल ते मिरामार

तुमचा प्रश्न असा आहे: बारावीनंतर गोव्यात बीएस्सीला यायचा विचार आहे, तिथल्या मुलांचा रोजचा दिवस कसा जातो, तास संपले की सगळे बीचवर असतात का, आणि बाहेरून आलेल्याचं तिथे जमतं का. मी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर माशेलला, फोंडा तालुक्यात. कॉलेज पणजीत, मिरामारच्या बाजूला. मडगावची किंवा म्हापशाची मुलगी तपशील वेगळे सांगेल, पण मुख्य गोष्ट तीही हीच सांगेल असं मला वाटतं. इथे कॉलेजला जाताना गाव मागे राहत नाही. ते तुमच्याबरोबर बसमध्ये चढतं, कॅन्टीनपर्यंत येतं आणि निकालाच्या दिवशी तुमच्याआधी घरी पोचतं.

बीचचं आधी सांगून टाकते. किनारा कॉलेजपासून चालत जाण्याइतका जवळ आहे आणि आम्ही तिथे क्वचित जातो. दुपारी ऊन भाजून काढतं, संध्याकाळी बस गाठायची असते, आणि वाळू घेऊन बसमध्ये चढलं की ती शेजारच्या काकींच्या साडीवर सांडते. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, तिथे पाण्यात उतरणं धोक्याचं, म्हणून पोहायचा तर प्रश्नच नाही. जातो ते शेवटचा पेपर झाल्यावर, कोणाचा वाढदिवस असला तर, नाहीतर पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की. पाहुणा आला की मात्र आम्हीही फोटो काढून घेतो.

आता बस. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों पों ऐकू आला की आमच्या घरात घाई सुरू होते. पाव येतो, चहा होतो, आणि मी नाक्यावर पळते. माशेलहून बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर, मग पणजी. अंतर म्हणाल तर फार नाही, पण आमची गाडी मिनीबस आहे आणि कंडक्टर दारात लोंबकळत ‘मुखार वचात, मुखार वचात, मदीं जागो आसा!’ (पुढे सरका, मध्ये जागा आहे) म्हणत राहतो. मध्ये खरोखरच जागा असते. तो म्हणतो म्हणून लोक सरकतात आणि जागा होते, हे मी रोज बघते आणि रोज मला त्याचं नवल वाटतं. ज्याला बसायला मिळतं त्याने उभ्या असलेल्यांच्या बॅगा मांडीवर घ्यायच्या हा न लिहिलेला नियम. माझ्या मांडीवर एका वेळी कोणाचं हेल्मेट, कोणाचा डबा, आयटीआयच्या मुलाचा टी-स्क्वेअर आणि न ओळखणाऱ्या एका लहान मुलाचं दप्तर असं सगळं असतं. परत देताना चुकामूक झालेली मला आठवत नाही.

हा कंडक्टर मला मी शाळेत होते तेव्हापासून ओळखतो. ‘बाय, पेपर कसो गेलो?’ असं तो भर गर्दीत विचारतो आणि उत्तर ऐकायला अर्धी बस थांबते. माझी एक मैत्रीण एकदा तास सोडून सिनेमाला गेली. परतीच्या गाडीत त्याने प्रेमाने विचारलं, ‘आयज कॉलेज बेगीन सुटलें?’ (आज कॉलेज लवकर सुटलं?) पुढच्या सीटवर तिच्या शेजारच्या काकी होत्या. ती घरी पोचेपर्यंत तिच्या आईला सिनेमाचं नाव, वेळ आणि सोबत कोण होतं हे सगळं कळलं होतं. तुम्ही मोठ्या शहरातून येत असाल तर याचा सुरुवातीला त्रास होईल. पण हाच कंडक्टर, मी पावसात धावत येताना दिसले की गाडी थांबवून ठेवतो, आणि रात्री उशीर झाला तर मला नाक्यावर न सोडता आमच्या वाटेच्या तोंडाशी सोडतो. आई निश्चिंत असते ती त्याच्यामुळे.

गुरुवारची बस वेगळी. बाणस्तारीला गुरुवारचा बाजार भरतो, त्यामुळे सकाळी भाजीच्या टोपल्या, नारळ, सुकी मासळी आणि आम्ही विद्यार्थी एकाच गाडीत. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या गुरुवारी तर गाडीत माटोळीचं सामानच जास्त असतं. तुम्हाला माटोळी माहीत नसेल तर सांगते: गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, फुलं, वेली बांधतात. सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, कवंडळं, कांगण्या, तोरिंगं. एका वर्षी एका आजीने मला वेलीचा भारा धरायला दिला आणि जुने गोवे येईपर्यंत प्रत्येक फळाचं नाव, ते कुठल्या डोंगरावर मिळतं, कधी पिकतं, कशावर औषध आहे हे सांगत राहिली. त्याच आठवड्यात आम्हाला वर्गात काकडी-भोपळ्याचं कुळ शिकवलं होतं. कवंडळ त्यातलंच, दिवाळीला पायाखाली फोडतो ते कारीटही त्यातलंच, आणि आंबाडा आंब्याच्या कुळातला. आमच्या सरांना मी हे सांगितलं तर त्यांनी पूर्ण वर्गाला प्रकल्पच दिला: आपापल्या घरच्या माटोळीतल्या वनस्पतींची यादी करून आणा, शास्त्रीय नावांसकट. ख्रिस्ती मित्रमैत्रिणी शेजाऱ्यांच्या घरी वही घेऊन गेल्या आणि मोदक, नेवऱ्या खाऊन परत आल्या. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या एका मुलाची यादी सगळ्यांत मोठी निघाली, कारण तो एकाच्या ऐवजी चार घरं फिरला होता.

वनस्पतिशास्त्र घेणार असाल तर रायबंदरचा रस्ता तुम्हाला आवडेल. रायबंदर ते पणजी हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये घातला. पणजीकडे जाताना उजव्या हाताला मांडवी, डाव्या हाताला खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची सखल जमीन, आणि खारफुटी. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली श्वासमुळं बसच्या खिडकीतून स्पष्ट दिसतात. आमच्या मॅडमनी पहिल्या वर्षी ‘उद्या सकाळी बसमधून बघून या’ हाच गृहपाठ दिला होता. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलं की सलीम अली पक्षी अभयारण्य. तिथे आमची सहल जाते. चालत जाणाऱ्याला फेरीबोटीचं तिकीट लागत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना परवडणारी ही गोव्यातली सगळ्यांत सुंदर सफर.

पाऊस हा स्वतंत्र विषय आहे. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, म्हणजे नेमका पहिल्या सत्रात. छत्री उपयोगाची नाही, पाऊस आडवा येतो. रेनकोटखाली बॅग, बॅगेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जर्नल. कपडे वाळत नाहीत, बूट वाळत नाहीत, आणि आमच्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून जपायच्या नमुन्यांच्या, वनस्पती तर मुळीच वाळत नाहीत. त्या वर्तमानपत्रात दाबून ठेवायच्या आणि कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी येते. आमच्या घरी पडवीत दोरीवर एका बाजूला शाळेचे गणवेश आणि दुसऱ्या बाजूला ओले ‘गोमन्तक’ आणि ‘नवप्रभा’ टांगलेले असतात. बाबा त्यातल्या जुन्या बातम्या वाचत उभे राहतात आणि मला म्हणतात, हा अंक दाबू नकोस, अग्रलेख वाचायचा राहिलाय. मी त्यांच्यासाठी कोरड्या अंकांचा वेगळा गठ्ठा ठेवते. आईने एकदा चुलीवरच्या उबेला प्रेस, म्हणजे वनस्पती दाबायची चौकट, ठेवली आणि माझे नमुने वर्गात सगळ्यांत चांगले निघाले. पुढच्या वर्षी तीन मैत्रिणींच्या प्रेस आमच्या चुलीवर होत्या.

अभ्यास, आयएसए (सत्रातल्या अंतर्गत चाचण्या), असाइनमेंट, हजेरी, हे सगळीकडे असतं तसंच आहे, त्याबद्दल फार सांगत नाही. खाण्याबद्दल मात्र सांगायला हवं. भाजी-पाव. पातळ भाजी, सुकी भाजी, आणि दोन्ही एकत्र हवी तर मिक्स. सोबत मिरची भजी किंवा बन्स. पणजीत ‘कॅफे भोंसले’, ‘कॅफे ताटो’ अशी नावं तुम्हाला कोणीही सांगेल. सकाळी गेलात तर टेबलावर तुमच्यासमोर अनोळखी माणूस बसणार आणि उठेपर्यंत तो ओळखीचा होणार. इथे माणूस आधी ‘खंयचो?’, म्हणजे कुठला, असं विचारतो. तुम्ही कोल्हापूर म्हणालात तर त्याची मावशी कोल्हापूरला असते, सांगली म्हणालात तर तो मिरजेला इस्पितळात आलेला असतो. संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट: ऑम्लेटवर शागुतीचा गरम रस, वर कांदा, लिंबू, पाव. पैसे कमी असले तर दोघांत एक घेतात आणि पाव जास्त मागतात. गाडेवाला रस परत वाढतो. हे मी सगळ्या गाड्यांबद्दल सांगू शकत नाही, पण आमचा वाढतो.

शेवटची बस ही आमच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी शिस्त आहे. रात्र झाली की गावाकडच्या गाड्या विरळ होतात, आणि ज्याच्याकडे स्कूटर नाही त्याचा दिवस तिथे संपतो. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत होतो. नोव्हेंबरात जगभरातले सिनेमे आमच्याच पणजीत, विद्यार्थ्यांना पास मिळतो, आणि आम्ही माशेल-सावईवेऱ्याची मुलं शेवटची वीस मिनिटं बाकी असताना अंधारात वाकून बाहेर पडतो. मी इराणी, कोरियन, पोलिश सिनेमे असे पाहिले आहेत. त्यांचे शेवट मला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये पणजीत राहणारी मैत्रीण अभिनय करून सांगते. ती इतकं छान सांगते की आता आम्ही एकत्र बसून तिचीच वाट बघतो. दिवसाची एखादी बस चुकली तर पणजीतल्या पाटो भागातलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं. बसस्टँडहून चालत पोचता येतं, आत गारवा असतो, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मी तिथे मराठी कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट वाचून काढलं आहे.

भाषेची काळजी करू नका. तासाला इंग्रजी, बाहेर कोंकणी. आमच्या घरीही बोलतात कोंकणी आणि वाचतात मराठी. आरत्या मराठी, जत्रेतलं नाटक मराठी. कोंकणी तुम्हाला थोड्या दिवसांत कळायला लागेल, बोलायला वेळ लागला तरी कोणी अडवत नाही. नाटकाचं सांगायचं म्हणजे, डिसेंबर ते मार्च आमच्या वर्गातला कोणी ना कोणी जत्रेच्या नाटकात शिवाजी, संभाजी किंवा नारद असतो. रात्री तालीम, सकाळी आठचा तास. मिशीचा डिंक नीट निघाला नाही म्हणून एकजण तसाच तोंडी परीक्षेला आला होता आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी नाटकाची चौकशी केली, मग प्रकाशसंश्लेषण विचारलं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला असतो. त्या दिवशी माझा भाऊ आणि त्याचे सगळे मित्र अंगाला तेल लावून चिखलात, त्यामुळे त्यांच्या वर्गात मुलीच मुली.

जमेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. वसतिगृहात राहिलात तर पहिले दोन महिने संध्याकाळी एकटं वाटेल, कारण आम्ही सगळे बस पकडायला पळालेले असू. हे मला आधी सांगून ठेवावंसं वाटतं, कारण आमच्या वर्गातल्या बेळगावच्या मुलीला ते फार जड गेलं आणि आमच्या लक्षात उशिरा आलं. आता ती शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी असते आणि आमच्या आईला माझ्याआधी फोन करते. तेव्हा कोणी ‘घरा यो’ म्हणालं तर ते नुसतं बोलण्यापुरतं समजू नका, जा.

आणि दिवाळीची सुट्टी लागल्या लागल्या गावी पळू नका. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री प्रत्येक वाड्यावर नरकासुर उभा राहतो. लाकडाचा सांगाडा, गवत भरलेलं अंग, कागदाचे थर, बाजारातून आणलेला किंवा घरी केलेला मुखवटा. पहाटे त्याला जाळायचं, मग तेल लावून न्हायचं, कारीट फोडायचं आणि घरोघरी पोहे खात फिरायचं, दुधातले, ताकातले, रसातले, गूळखोबऱ्याचे. परीक्षा त्याच्या आगेमागेच असते, म्हणून आमच्या वाड्यावर एकजण नोट्स मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकत ऐकत कागद चिकटवतात. खळ ढवळायला माणूस नेहमी कमी पडतो. तुम्ही आलात तर ते काम तुमचं.