निराश करणारा भाग पुन्हा पाहावा का? 'शेड्स ऑफ ग्रे'च्या निमित्ताने

आपण विचारले आहे की, आवडत्या विज्ञानकथा मालिकेतील ज्या भागाने एकदा घोर निराशा केली, तो पुन्हा पाहण्यात वेळ घालवावा का, की तेवढा वगळून पुढे जावे. माझे उत्तर 'अवश्य पाहावा' असे आहे. मात्र त्या भागात नेमके काय बिघडले, हे शोधण्याच्या तयारीने तो पाहायला हवा. हे मी एकाच भागाच्या आधारे सांगतो, कारण सर्वसाधारण विधाने करण्यापेक्षा एक उदाहरण नीट उलगडलेले बरे.

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग म्हणजे 'शेड्स ऑफ ग्रे'. तो अमेरिकेत १७ जुलै १९८९ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला आणि मालिकेच्या सर्वांत वाईट भागांच्या यादीत त्याचे नाव आजही हमखास असते. कथानक थोडक्यात असे : एंटरप्राइज या अंतराळयानावरील दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी विल रायकर एका अनोळखी ग्रहाची पाहणी करत असताना त्याच्या पायाला एका वेलीचा काटा टोचतो. त्या काट्यातून शरीरात शिरलेले सूक्ष्मजीव मज्जातंतूंमध्ये मिसळतात आणि मेंदूच्या दिशेने सरकू लागतात. डॉ. पुलास्की त्याच्या मेंदूला उत्तेजना देऊन त्याला जिवंत ठेवतात आणि त्या अवस्थेत त्याला जुन्या घटना स्वप्नासारख्या दिसू लागतात. सुखाच्या आठवणींनी सूक्ष्मजीव फोफावतात, तर भीतीच्या आणि वेदनेच्या आठवणींनी मागे हटतात, असे लक्षात आल्यावर पुलास्की त्याला जाणूनबुजून वाईट आठवणींतून नेतात. या आठवणी म्हणजे आधीच्या भागांतील दृश्येच, जशीच्या तशी जोडलेली.

नव्वदच्या दशकात भुसावळला आमच्या घरी केबल आली आणि ही मालिका मला भेटली. तेव्हा या भागाने मला फसवणूक झाल्यासारखे वाटले होते, कारण आठवडाभर वाट पाहून जे मिळाले ते पाहून झालेले होते. अलीकडे, मे महिन्याच्या एका दुपारी, बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि घरात कूलरचा आवाज अशा स्थितीत मी तो जळगावला शिकणाऱ्या माझ्या भाच्यासोबत पुन्हा पाहिला. त्याने पहिली दोन्ही पर्वे नुकतीच पाहिली होती. अर्ध्या वाटेतच तो म्हणाला, "मामा, हाई ते बठ्ठं जुनंच शे." त्याची तक्रार रास्त होती, पण ती तेवढ्यावर सोडून देण्यासारखी नव्हती.

सगळे जुनेच का, याचे कारण पडद्यामागे आहे. अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेचा संप ७ मार्च ते ७ ऑगस्ट १९८८ असा पाच महिने चालला. त्यामुळे मालिकेचे दुसरे पर्व उशिरा, नोव्हेंबरमध्ये सुरू झाले आणि पहिल्या पर्वाच्या २६ भागांऐवजी त्याचे २२ भागच झाले. त्यातच दोन भागांवर ठरल्यापेक्षा जास्त पैसा खर्च झाला होता. एक होता शेरलॉक होम्सच्या काळातील लंडन उभे करणारा 'एलिमेंटरी, डिअर डेटा' आणि दुसरा बोर्ग या शत्रूची पहिली ओळख करून देणारा 'क्यू हू?'. हे दोन्ही भाग रॉब बोमन यांनी दिग्दर्शित केले होते. त्या खर्चाची भरपाई म्हणून स्टुडिओने पर्वाअखेरीस एक स्वस्त भाग मागितला, आणि तोही बोमन यांनाच करावा लागला. एरवी एका भागाच्या चित्रीकरणाला साधारण आठवडा लागत असे. 'शेड्स ऑफ ग्रे' तीन दिवसांत उरकला.

हा हिशेब कळल्यानंतर मला तो भाग वेगळाच दिसू लागला. बोर्गांचे ते प्रचंड घनाकृती यान आपण डोळे विस्फारून पाहिले, त्याची किंमत कुठेतरी चुकवली जाणारच होती, आणि ती इथे चुकवली गेली. 'क्यू हू?' आणि 'शेड्स ऑफ ग्रे' एकामागून एक पाहिले, तर दुसऱ्याबद्दलचा राग बराच निवळतो. राग निवळला म्हणून भाग चांगला ठरत नाही, हेही मी स्पष्टपणे सांगतो.

कारण माझ्या मते खरी चूक जुनी दृश्ये वापरण्यात नाही. आमच्याकडे शिळी कळण्याची भाकरी कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन न्याहारीला करतात आणि ती ताज्या पदार्थाइतक्याच आवडीने खाल्ली जाते. पण फोडणी द्यावी लागते. इथे लेखकांच्या हाती एक उत्तम कल्पना होती : माणसाला त्याच्या सर्वांत दुःखद आठवणीच वाचवू शकतात आणि त्याच्यावर माया असणाऱ्या लोकांनाच त्याला त्या पुन्हा भोगायला लावाव्या लागतात. इतरांच्या भावना जाणवणारी यानावरील समुपदेशक, काउन्सेलर ट्रॉय, त्याच्या उशाशी बसून त्याची वेदना स्वतः अनुभवते, ही मांडणी करुण आणि समर्थ आहे. परंतु आठवणी निवडताना बहुतेक मारामाऱ्या, स्फोट आणि संकटे निवडली गेली. धोका आणि वेदना या दोन गोष्टी एकच आहेत असे मानून टाकले गेले.

याचा सर्वांत मोठा पुरावा त्याच पर्वात आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये दाखवलेल्या 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात यानावरील अधिकारी असलेला डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीट या अंतराळदलाची मालमत्ता आहे की स्वतंत्र व्यक्ती, याचा खटला चालतो आणि डेटाच्या विरुद्ध बाजू मांडण्याचे काम रायकरवर येते. त्याने नकार दिला तर निकाल आपोआप डेटाच्या विरुद्ध जाणार असतो. म्हणून तो भर न्यायासनासमोर आपल्या मित्राचा हात काढून दाखवतो, त्याला बंद करतो आणि आपण जिंकत आहोत या जाणिवेने आतून मोडून जातो. रायकरच्या आयुष्यात याहून मोठी वेदना त्या दोन पर्वांत तरी आलेली नव्हती. सूक्ष्मजीवांना मागे हटवणारी आठवण हवी होती, तर ती हीच होती. 'शेड्स ऑफ ग्रे'मध्ये तिला जागा नाही. पहिल्या वेळी माझ्या मनात नुसती चीड होती. पुन्हा पाहताना ही उणीव मला बोट ठेवून दाखवता आली.

याउलट एंटरप्राइजवरील सुरक्षा अधिकारी टाशा यार हिच्या मृत्यूचे जुने दृश्य येते तेव्हा हाच भाग क्षणभर सावरतो. ते दृश्यही शिळेच आहे, पण त्यात शोक आहे, आणि शोक पुन्हा आठवला तरी तो शिळा होत नाही. तेवढ्या वेळापुरता भाचाही गप्प झाला होता.

आणखी एक गोष्ट मला आता अधिक महत्त्वाची वाटते. डॉ. पुलास्कींचे काम करणाऱ्या डायना मुल्डॉर यांचे या मालिकेतील हे शेवटचे दर्शन आहे. तिसऱ्या पर्वात पहिल्या पर्वातील डॉ. क्रशर परत आल्या आणि पुलास्कींना निरोपाचे एक वाक्यही मिळाले नाही. अनेक प्रेक्षकांना ही व्यक्तिरेखा खडूस वाटली आणि ते मला समजते. पण या भागात अपुरे संवाद आणि रोग्याच्या खाटेभोवतीचा एवढासा अवकाश हाती असताना त्यांनी एका डॉक्टरचा निर्णय घेतानाचा ताण फार संयमाने उभा केला आहे. रोग्याला बरे करण्यासाठी त्याला छळावे लागत आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. या कामाची दखल घ्यायला हवी होती, म्हणून मी ती इथे घेतो.

तेव्हा आपल्याला माझी विनंती अशी आहे की, आपल्या मनातील तो भाग एकटा काढून पाहू नका. त्याच्या आधीचे, त्याच पर्वातील एक-दोन उत्तम भाग पाहून मग त्याकडे या, आणि तो कोणत्या परिस्थितीत तयार झाला हे आधी वाचून घ्या. 'शेड्स ऑफ ग्रे'पुरते सांगायचे तर आधी 'द मेझर ऑफ अ मॅन', मग 'क्यू हू?' आणि मग हा, असा क्रम मी सुचवेन. त्यानंतर लगेच तिसरे पर्व सुरू करा. त्याच्या शेवटी, जून १९९० मध्ये, हाच रायकर कप्तानाच्या जागी उभा राहून, एंटरप्राइजचा कप्तान पिकार्ड ज्या यानात आहे त्याच बोर्ग यानावर मारा करण्याची आज्ञा देतो, आणि तिथे मालिकेने त्याच्या वेदनेला अखेर न्याय दिला आहे.