स्वभाव अबोल आहे, तरी टीम लीडर व्हावं का?

तुम्ही विचारलंय की चारचौघात पटकन बोलता येत नाही, कंपनीने टीम लीडर व्हायची ऑफर दिलीय, तर हो म्हणावं का, की लीडर जन्मालाच यावा लागतो. हा प्रश्न मला फार जवळचा आहे. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे प्रमोशनआधी सगळ्यांची पर्सनॅलिटी टेस्ट घेतली, माझ्या रिपोर्टवर आलं इंट्रोव्हर्ट, म्हणजे अंतर्मुख, आणि साहेबांनी समोर बसवून सांगितलं की तू काम चांगलं करतोस पण माणसं सांभाळणं तुझ्याच्याने होणार नाही. ते मी कितीतरी वर्षं खरं धरून चाललो.

खरं तर मला तेव्हाच आमचे आबा आठवायला हवे होते. मी मालवणजवळच्या किनाऱ्यावरचा, आमच्याकडे रापण असते, म्हणजे होडीतून जाळं अर्धगोल सोडत जायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायचे. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. आबा तांडेल होते, म्हणजे रापणीचे म्होरके. दिवसभरात वीस वाक्यं बोलले तर खूप. गुडघाभर पाण्यात उभे, नजर जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर, डावा हात वर गेला की डावीकडचे थांबायचे, बस. रापणीत मोठ्या आवाजाचे लोक होतेच, एकाची हाक तर पार टोकापर्यंत जायची, पण त्याने हाक मारली की लोक आधी आबांकडे बघायचे. का? मासळीचे वाटे करताना आबांचा वाटा सगळ्यात शेवटी पडायचा. एकदा बांगडा चांगला मिळाला होता आणि एक जण चार दिवस तापाने घरी होता, कोणीतरी कुरकुरलं की त्याचा वाटा कशाला, आबा एवढंच म्हणाले, "तो आपलोच मा रे." वाटा ठेवला गेला.

स्वभावाचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. टिमोथी जज हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर बहिर्मुख असणं आणि लीडर म्हणून नजरेत भरणं यांचा संबंध ०.३३ निघाला (पूर्ण संबंध असता तर १), पण लीडर झाल्यावर काम कितपत चांगलं केलं, तिथे तो ०.२४ वर उतरतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की सगळ्यांशी जुळवून घेणारा, दुसऱ्याचं मन जाणणारा स्वभाव निवडीच्या वेळी जवळजवळ मोजलाच जात नाही, ०.०५, पण कामात तोच ०.२१ वर जातो. म्हणजे आपण निवडतो बोलण्यावर आणि नंतर निभावतात वेगळेच गुण. पटकन घाबरणाऱ्या, चिडणाऱ्या माणसाला मात्र दोन्हीकडे जड जातं, तेव्हा तुम्ही शांत आहात म्हणजे नक्की कसे, बोलत नाही म्हणून शांत की संकटातही डोकं ठिकाणावर राहतं म्हणून, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

दुसरी गोष्ट आपलेपणाची. अलेक्झांडर हस्लम आणि स्टीफन रायकर हे मानसशास्त्रज्ञ सांगतात की लोक ज्याला आपल्यातला समजतात, जो आपल्यासाठी झटतो असं त्यांना दिसतं, त्याच्या मागे ते जातात. आम्हा कोकणातल्या माणसांना हे नवीन नाही. राजापूर लोकसभा मतदारसंघाने आधी वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै निवडून दिले, ज्यांची भाषणं ऐकलेले लोक अजून त्यांची आठवण काढतात, आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून सलग पाच वेळा मधू दंडवते, जन्म अहमदनगरचा, मुंबईत फिजिक्सचे प्राध्यापक. दोघांची घडण किती वेगळी! पण दंडवत्यांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेतला, रेल्वेमंत्री असताना सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर फोम आणला, मग बाहेरचा माणूस म्हणून कोण बघणार त्यांच्याकडे? 'आपलो माणूस' हे पद असं मिळतं.

म्हणून माझं उत्तर, हो म्हणा. पण त्याआधी टीममधल्या दोघा-तिघांना एकेकटं चहाला न्या, मीटिंगमध्ये न जमणारं बोलणं तिथे जमतं, आणि काय खटकतंय ते विचारून लिहून घ्या, त्यातलं एक तरी पहिल्या आठवड्यात करून टाका. पुढच्या कंपनीत, लोट्याच्या एमआयडीसीत, मला अकरा जणांची शिफ्ट मिळाली तेव्हा मी तेच केलं. नाईटवाल्यांना जेवण थंड मिळायचं, मी कँटीनवाल्याशी बोलून त्यांचे डबे साडेअकराला गरम करून घेतले आणि पहिले पंधरा दिवस सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवलो. सोळाव्या रात्री त्यांनी माझं ताट आधीच वाढून ठेवलं होतं.