माळवदाचा वाडा : पाडावा की वापरात आणावा?

प्रश्न : सोलापुरातील एका जुन्या पेठेत आमचा चार पिढ्यांचा माळवदाचा, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेला, वाडा आहे. अलीकडे तो धोकादायक असल्याची नोटीस आली. भावंडांच्या मते तो पाडून फ्लॅट बांधावेत. वाडा राखून त्यातून काही उत्पन्न मिळवता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रथम ती नोटीस पुन्हा वाचावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार धोकादायक बांधकाम पाडण्यास सांगता येते, तसेच ते सुरक्षित करण्यास किंवा दुरुस्त करण्यासही सांगता येते. ‘धोकादायक’ या शब्दाचा अर्थ ‘पाडा’ असाच आपण धरून चालतो, आणि बहुतेक वाडे तिथेच हातचे जातात. मात्र मुदतीच्या आत स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून लेखी उत्तर द्यावे, आणि तोवर धोक्याच्या खोल्यांत कोणासही राहू देऊ नये.

माळवदाचे दुखणे सहसा भिंतींत नसते, डोक्यावर असते. दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवण्याची आपली रीत, पण जुना थर काढला जात नाही. वर्षानुवर्षे तुळयांवरचे ओझे वाढत राहते, आणि गळतीचे पाणी भिंतीत रुतलेली त्यांची टोके कुजवते. त्यावर कोणी सिमेंटचा स्लॅब ओतला, तर आजारी माणसाच्या पाठीवर पोते ठेवल्यासारखे होते. सगळी माती उतरवून, कुजलेली टोके कापून तेथे तशाच लाकडाचा सांधा द्यावा आणि वर चुन्याचा हलका कोबा करावा. भिंतींना सिमेंटचा गिलावा मात्र अजिबात नको. मातीची व चुन्याची भिंत ओल बाहेर टाकत असते; सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आत कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळणे अवघड आहे, हे मान्य; तरी तो शोधण्यात महिना गेला तरी चालेल.

आता उत्पन्नाविषयी. इमारतीला सोसेल तो वापर आधी ठरवावा, नफ्याचा हिशोब नंतर. लॉजसाठी प्रत्येक खोलीला न्हाणीघर लागते, आणि लाकडी मजल्यावर पाणी खेळवणे म्हणजे दुरुस्तीवर पाणी सोडणे. गोदामाचे वजन तुळयांना पेलणार नाही. अभ्यासिका, सल्लागाराचे कार्यालय किंवा चादरी व टॉवेलांचे विक्रीदालन चालेल; एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या गावात जाड भिंती आणि मधला चौक यांमुळे विजेचे बिलही आवरते. स्वच्छतागृह परसातच, मूळ इमारतीपासून वेगळे बांधावे.

अशी उदाहरणे शोधायला दूर जाण्याची गरज नाही. आप्पासाहेब वारद यांचा इंद्रभुवन हा वाडा पुढे महापालिकेच्या कारभाराचे ठिकाण झाला, आणि १९१० साली जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घराचे स्मारक झाले. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ला शासनाच्या संगोपन योजनेतून एका सोलापुरी कंपनीकडे देखभालीसाठी दिला गेला; पण ती योजना राज्य संरक्षित स्मारकांसाठी आहे, तुमच्या वाड्याला ती लागू होणार नाही.

वाडा वारसा यादीत आहे का, हे नगररचना विभागात पाहावे. असल्यास श्रेणीला महत्त्व येते : पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच बदलता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल व नवा वापर काटेकोर छाननीनंतर मान्य होतो, तिसऱ्या श्रेणीत मोकळीक बरीच असते. यादीत नाव आले म्हणजे मालकी गेली, ही भीती मात्र निराधार आहे.

प्रश्न : आमचे घर भुईकोट किल्ल्याच्या तटापासून जवळ आहे. दुरुस्तीला बंदी आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भुईकोट केंद्र संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या बदलानुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगीने करता येते. जुन्या घराची दुरुस्ती १०० मीटरच्या आतही होऊ शकते, पण परवानगी मिळाल्यावरच. मोजणी किल्ल्याच्या दारापासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून होते; तुमचे अंतर त्यानुसार मोजून घ्यावे आणि घराचे आजचे फोटो व जुना नकाशा अर्जासोबत जोडावा.