हिंगण्यातल्या युनिटमधल्या पॉवर सप्लायचं व्होल्टेज नागपूरच्या सीताबर्डीतल्या ऑफिसातून सेट करून वाचता येईल का?

हो, सप्लायला मागे लॅनचं सॉकेट असेल आणि तो एससीपीआय (उच्चार 'स्किपी') समजत असेल तर नक्की येईल. १९९० पासूनची ही प्रमाणित आज्ञाभाषा लॅबच्या टेबलावरच्या बऱ्याच उपकरणांत असते. आज्ञा म्हणजे साधा मजकूर, आणि बऱ्याच कंपन्यांची उपकरणं तो टीसीपी पोर्ट ५०२५ वर (नेटवर्कवरच्या या क्रमांकाच्या दारावर) ऐकतात. पायथॉनमध्ये पायव्हिसा ही उपकरणांशी बोलणारी लायब्ररी वापरली की काम दहा ओळींत होतं.

लोक फसतात ते वाचताना. 'व्होल्ट १२' पाठवून लगेच 'व्होल्ट?' विचारलं की १२ च येणार, कारण ते तुम्हीच ठेवलेलं सेटिंग आहे. टर्मिनलवर खरंच किती आहे ते 'मेझर व्होल्ट?' सांगतं, लोड जास्त होऊन करंट लिमिट (सप्लायने करंटला घातलेली मर्यादा) लागली असेल तर तिथे ९ सुद्धा दिसेल. दोन्ही वाचा.

- प्रश्नचिन्ह विसरून वाचायला गेलात तर उत्तर येत नाही, टाइमआउट होतो.
- प्रत्येक सेटिंगनंतर 'सिस्टम एरर?' विचारा. −२२२ आलं तर किंमत रेंजबाहेर आहे, आणि उपकरणाने ती सहसा घेतलेली नसते.

मात्र ५०२५ वर सहसा पासवर्ड नसतो. राउटरवर तो पोर्ट थेट उघडू नका, व्हीपीएनमधूनच (सुरक्षित खाजगी जोडणीतूनच) जा. आणि लिंक तुटली तरी आउटपुट सहसा चालूच राहतो, म्हणून ओव्हरव्होल्टेज आणि करंटची मर्यादा आधी उपकरणातच लावून ठेवा.