थँक्सगिव्हिंगचा रताळ्याचा कॅसरोल (म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला लगद्याचा पदार्थ), पहिल्यांदाच करतेयस तर

अगं रताळी उकडू नकोस, सालासकट ओव्हनमध्ये ४०० फॅरनहाइटला तासभर भाज, उकडली की पाणी धरतात आणि मग सगळं पचपचीत होतं. आतून केशरी असतात तीच घे. दीड किलोला अर्धा कप ब्राऊन शुगर खूप झाली, ती रताळी मुळातच गोड असतात, बाकी बटर, थोडं दूध, दालचिनी आणि मीठ, मीठ विसरू नकोस हं! अंडी मात्र सोलून कुस्करलेल्या रताळ्यांचा लगदा कोमट झाल्यावरच घाल नाहीतर तिथेच शिजतात. वरून पिकन (अक्रोडासारखा सुका मेवा), मैदा, ब्राऊन शुगर आणि बटरचा चुरा, ३५० ला अर्धा तास. मला हाच आवडतो. वरून मार्शमेलो (साखरेच्या मऊ, फुगीर गोळ्या) हवेच असतील तर शेवटची पाचेक मिनिटं, आणि त्यात जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडं-कातडीपासून करतात, त्यामुळे व्हेजिटेरियन पाहुण्यांना आधी विचार.